जुन्या गाडीत नवा गॅस



या सदरात आपण पिकांचे, जनावरांचे आणि अवजारांचे बोलतो. आज मोटारगाडीच्या एअर कंडिशनरविषयी लिहिलेले पाहून काहीजण म्हणतील, साहेबांना ऊन लागले की काय! पण गेल्या उन्हाळ्यात एका घरी जे पाहिले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिवाय दारात जुनी चारचाकी असणे ही आता खेड्यापाड्यांतही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

मे महिन्यात तासगाव भागातल्या एका गावी खरड छाटणीनंतरची फूट पाहायला गेलो होतो. बाग पाहून झाल्यावर तात्यांनी चहाला घरी नेले. दारात १९९५ सालची त्यांची छोटी गाडी उभी होती. द्राक्षाच्या पैशातून घेतलेली घरातली पहिली गाडी. मुले शिकली, पोरींची लग्ने झाली, ते सगळे याच गाडीने पाहिले. तात्यांनी ती विकली नाही, आणि कागदपत्रेही वेळच्या वेळी नवी करून घेतली.

चहा पिताना तात्या म्हणाले, "साहेब, हिला आता आठवड्यातनं दोनदा मिरजेला न्यावं लागतंय. किडनीचं मशीन लावत्यात. येताना दुपारचं ऊन असं लागतंय, की घरी येऊन ती निपचित पडती. पाणी प्यावं तर डॉक्टरांनी पाणीसुद्धा मोजून द्यायला सांगितलंय. गाडीचा एसी तेवढा चालू झाला तर बरं होईल बघा."

काकू आतल्या सोप्यात पडून होत्या. उन्हात तहान लागते आणि पाणी पिता येत नाही, या अवस्थेची कल्पना आपल्याला चटकन येत नाही. त्यांच्या दृष्टीने गाडीतला गारवा ही चैन नव्हती.

इतक्यात धाकटा मुलगा स्वयंपाकघरातून गॅसचा सिलिंडर उचलून गाडीच्या डिकीत ठेवायला निघाला. मी विचारले, "हा कुठे?" तो म्हणाला, "रस्त्यावरच्या मिस्त्रीकडं. जुन्या एसीचा गॅस आता मिळत न्हाई म्हणतोय. नव्या गॅसला लई खर्च येतोय. हा गॅस भरला की बर्फावानी गार मारतंय, दोन-चारशे रुपयांत काम."

मी कप खाली ठेवला आणि त्याला म्हणालो, "तो सिलिंडर आधी जागेवर ठेव. मग बस इथे. अर्धा तास लागेल, पण ऐकून घे."

त्या अर्ध्या तासात जे सांगितले तेच आज सविस्तर लिहितो. मी काही मोटारीचा मिस्त्री नव्हे. पण काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीचा गॅस बदलून घेताना मी चांगला फसलो होतो आणि त्या फटक्याने बरेच शिकलो. ते पुढे येईलच.

गारवा येतो कुठून?

माठातले पाणी गार का होते, हे आपल्याला ठाऊक आहे. माठ पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. डॉक्टर सुई टोचण्यापूर्वी दंडाला स्पिरिट लावतात तेव्हाही गार लागते ते याच कारणाने. एसीत हेच काम बंद नळीत, पुन्हा पुन्हा होत असते.

त्यात पाण्याऐवजी असा पदार्थ असतो, जो अगदी थंडीतही उकळतो. जुन्या गाड्यांतला आर-१२ हा गॅस शून्याखाली सुमारे ३० अंशांना उकळतो. बॉनेटखाली पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर या गॅसला दाबतो. दाबलेला गरम गॅस पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये जातो, तिथे वाऱ्याने निवतो आणि पातळ होतो. मग तो ड्रायर नावाच्या डब्यातून पुढे एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात येतो. छिद्राच्या पलीकडे दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. उकळताना आतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. पुन्हा वाफ, पुन्हा कॉम्प्रेसर.

ठिबकवाल्यांना हे सहज समजेल. कॉम्प्रेसर म्हणजे पंप, ड्रायर म्हणजे फिल्टर आणि व्हॉल्व्ह म्हणजे ड्रिपर. फरक एवढाच, की ठिबकचे पाणी जमिनीत जाते आणि एसीतला गॅस तोच तोच फिरतो. तो डिझेलसारखा खर्च होत नाही. म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा: एसीतला गॅस 'संपत' नाही, तो गळतो. गळती न शोधता जो मिस्त्री नुसता गॅस भरून देतो, तो फुटक्या घागरीत पाणी ओततो.

जुना गॅस का गेला?

पूर्वी फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू वापरीत. ते गळले की माणसे दगावत. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आर-१२ शोधला. त्यालाच लोक फ्रेऑन म्हणू लागले. हा गॅस पेटत नाही आणि थेट विषारी नाही, हे दाखवण्यासाठी मिजलीने १९३० साली भर सभेत तो छातीत भरून घेतला आणि त्या फुंकरीने मेणबत्ती विझवली. माणसाला निर्धोक वस्तू मिळाली असे सगळ्यांना वाटले.

पण जी वस्तू सहजी नष्ट होत नाही ती कुठेतरी साठत जाते. डीडीटीच्या बाबतीत आपण हा धडा शिकलोच आहोत. हा गळलेला गॅस वर वर जातो. आपल्या डोक्यावर साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचा थर आहे. सूर्याच्या घातक अतिनील किरणांना तो अडवतो. तिथे पोहोचल्यावर उन्हाने हा गॅस फुटतो, त्यातला क्लोरीन मोकळा होतो आणि एकेक क्लोरीनचा अणू ओझोनच्या हजारो रेणूंचा नाश करतो. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली ही धोक्याची सूचना दिली. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दक्षिण ध्रुवावरचा ओझोन दर वसंतात फार विरळ होत असल्याचे दाखवून दिले आणि जग खडबडून जागे झाले. मोलिना व रोलंड यांना पॉल क्रुट्झन यांच्यासह १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातल्या माँट्रियल शहरी करार झाला, की असले गॅस टप्प्याटप्प्याने बंद करायचे. भारत १९९२ साली त्यात सामील झाला. २००० साली आपल्याकडे त्यासाठी नियम झाले, आणि १ जानेवारी २००३ नंतर नव्या गाड्यांच्या एसीत आर-१२ भरण्यास बंदी आली. २००८ च्या ऑगस्टपासून देशात आर-१२ आणि त्याच्या जातीच्या इतर गॅसचे नेहमीच्या वापरासाठीचे उत्पादनही थांबले. म्हणजे आज कुणी 'ओरिजिनल आर-१२' म्हणून डबा दाखवला, तर आत काय आहे याची शंका घ्यावी.

शेतीचाही यात वाटा होता. धान्याच्या व मातीच्या धुरीसाठी वापरला जाणारा मिथिल ब्रोमाइड हाही ओझोन खाणाराच. निर्यातीच्या वेळची धुरीसारखे मोजके वापर सोडले तर तोही याच कराराने बंद करण्यात आला. जगभरच्या लोकांनी ठरवून एखादी गोष्ट सोडली आणि तिचा गुण आला, असे क्वचित घडते. ते इथे घडते आहे. २०२३ च्या आरंभी संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनी सांगितले, की हे असेच चालू राहिले तर जगाच्या बहुतेक भागांवरचा ओझोन २०४० च्या सुमारास आणि दक्षिण ध्रुवावरचा २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल. एवढ्या लोकांनी सांभाळलेले छत्र आपल्या एका गाडीने फाटणार नाही हे खरे, पण ते सांभाळले गेले ते एकेका गाडीनेच.

आर-१२ च्या जागी गाड्यांत आर-१३४ए आला. त्यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला धोका नाही. मात्र तोही सर्वस्वी निर्दोष नव्हे. हवा तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट भारी आहे. म्हणून २०१६ साली रवांडातल्या किगाली शहरी ठरले, की हाही हळूहळू कमी करायचा. युरोपात नव्या गाड्यांत आता त्याहून नवा, आर-१२३४वायएफ नावाचा गॅस येतो. आपल्या जुन्या गाडीसाठी मात्र सोयीचा आणि मिळणारा पर्याय आर-१३४ए हाच.

स्वयंपाकाचा गॅस का नको?

मुलगा म्हणाला, "पण साहेब, नव्या फ्रीजमध्ये पण पेटणाराच गॅस असतोय की!" त्याचे म्हणणे खरे होते. आजकालच्या पुष्कळ घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो आणि तो पेटतो. पण तिथे तो पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास असतो, नळ्या पक्क्या जोडून बंद केलेल्या असतात, फ्रीज जागचा हलत नाही आणि त्याची विजेची बटणे हा धोका धरूनच बनवलेली असतात. गाडीत काय असते? रबरी होज, जुन्या रिंगा, रात्रंदिवसाचे हादरे. कंडेन्सर तर गाडीच्या नाकावर, म्हणजे धडक बसली की पहिला तोच फुटणार, आणि त्याच्यामागे तापलेले इंजिन. कूलिंग कॉइल डॅशबोर्डमागे. ती गळली की गॅस थेट बसणाऱ्यांच्या पायाशी.

मी त्याला कागदावर हिशेब करून दाखवला. पाव किलो स्वयंपाकाचा गॅस हवेत पसरला की सुमारे सव्वाशे लिटर जागा घेतो. छोट्या गाडीच्या आतली हवा दोन-अडीच हजार लिटर. म्हणजे शेकडा पाच. हा गॅस हवेत शेकडा दोन ते नऊच्या दरम्यान असला की एका ठिणगीने पेटतो. काचा बंद, कारण एसी चालू. पंख्याचे बटण दाबताना उडणारी ठिणगी पुरते. आणि आत कोण बसले आहे? किडनीच्या आजाराची तुझी आई, जिला पटकन उठून दार उघडणेसुद्धा जमणार नाही.

तो काही बोलला नाही. सिलिंडर आत नेऊन ठेवला. घरगुती सिलिंडर गाडीच्या कामाला वापरणे कायद्यानेही गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितले नाही. त्याची गरज उरली नव्हती.

असाच धोका नकली गॅसचाही आहे. २०११ साली समुद्रमार्गे माल नेणाऱ्या काही शीतकंटेनरच्या यंत्रांचे स्फोट होऊन कामगार मरण पावले. आपली द्राक्षे परदेशी जातात ती अशाच कंटेनरमधून. त्या यंत्रांत भरलेल्या नकली आर-१३४ए मध्ये मिथिल क्लोराइड मिसळलेला होता. त्याचा अ‍ॅल्युमिनियमशी संयोग होऊन हवा लागताच पेटणारा पदार्थ तयार होतो. गाडीच्या एसीचा बराचसा भाग अ‍ॅल्युमिनियमचाच असतो. तेव्हा गॅसही बियाणे-औषधांसारखाच खात्रीच्या दुकानातून, पक्की पावती घेऊन आणि सीलबंद डबा पाहून घ्यावा. डब्याच्या रंगावर विसंबू नये.

माझी चूक

माझ्या गाडीच्या वेळी एका गॅरेजवाल्याने जुना गॅस सोडून दिला, नवा भरला आणि एका तासात गाडी हातात दिली. बाकी काही बदलले नाही. आठ दिवस एसी गार लागला. मग आवाज येऊ लागला आणि महिन्याच्या आत कॉम्प्रेसर जाम झाला. स्वस्तात करायला गेलो आणि कॉम्प्रेसरच नवा घ्यावा लागला.

कारण नंतर कळले. कॉम्प्रेसरला वंगण मिळते ते गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलातून. आर-१२ बरोबर साधे खनिज तेल विरघळून फिरते. आर-१३४ए मध्ये ते तेल विरघळतच नाही. ते कूलिंग कॉइलमध्ये साठून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. कलम करताना खुंट आणि डोळा एकमेकांना मानवणारे लागतात, तसेच हे आहे. गॅस बदलला की तेल बदलावेच लागते.

आणि एक उदाहरण देतो. ज्या पंपाने २,४-डी हे तणनाशक फवारले, तोच पंप नीट न धुता कापसावर किंवा द्राक्षावर वापरला तर काय होते, हे तुमच्यातल्या अनेकांनी पाहिले आहे. पाने आखडतात, वेल वेडावाकडा होतो. तळाशी राहिलेला थोडासा अंश घात करतो. जुन्या एसीतले जुने तेल आणि क्लोरीनचा अंश यांचेही तसेच. आधी धुणे, मग भरणे.

काम कसे करून घ्यावे?

हे काम घरी करण्याचे नव्हे. पण आपण समोर उभे राहून काय काय झाले ते पाहू शकतो. क्रम असा:

१. जुना गॅस उरला असेल तर तो हवेत न सोडता मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. हे मशीन आहे का, हा गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न विचारावा. आर-१२ जवळ विडी ओढू नये, वेल्डिंग करू नये. ज्वाळेत त्याचे विषारी वायू होतात.

२. गळती शोधून दुरुस्त करावी. नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांना साबणाचा फेस लावावा, बुडबुडा दिसतो तिथे गळती. ऑक्सिजनचा दाब कधीही देऊ देऊ नये. तेल आणि दाबाचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. जुन्या मिस्त्रींकडे गळती शोधण्याचा दिवा असतो, ज्याची ज्योत आर-१२ लागला की हिरवी होते. ती हिरवी होते क्लोरीनमुळे. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, म्हणून तो दिवा इथे उपयोगाचा नाही.

३. कॉम्प्रेसर उतरवून त्यातले जुने तेल पूर्ण काढावे. कंडेन्सर, कूलिंग कॉइल आणि नळ्या योग्य द्रावणाने धुऊन नायट्रोजनने कोरड्या कराव्यात. कॉम्प्रेसरमध्ये मात्र ते द्रावण घालू नये.

४. ड्रायर नवाच घ्यावा. बियाण्याच्या पाकिटात ओल शोषणारी पुडी असते, तशी त्यात ओल शोषणारी दाणेदार वस्तू असते. जुन्या ड्रायरमधली वस्तू नव्या गॅसला मानवत नाही. दोन्ही गॅसला चालणारा किंवा आर-१३४ए साठीचा ड्रायर मागावा.

५. सांध्यांतल्या रबरी ओ-रिंगा सगळ्या बदलाव्यात. नव्या गॅससाठीच्या रिंगा बहुधा हिरव्या रंगाच्या मिळतात. या रिंगांना फारसा खर्च नाही, पण त्या न बदलल्याने सगळे काम वाया जाते. होज तडकलेला असेल तर नवा, आतून अस्तर असलेला घ्यावा, कारण नव्या गॅसचा रेणू लहान असल्याने तो जुन्या रबरातूनही पाझरतो.

६. तेल दोन प्रकारचे मिळते, पीएजी आणि एस्टर. ज्यात पूर्वी आर-१२ होता अशा जुन्या यंत्राला बहुधा एस्टर तेल बरे, ते उरल्यासुरल्या क्लोरीनला व जुन्या तेलाला सहन करते. कॉम्प्रेसरच्या पट्टीवर लिहिलेल्या मापानेच घालावे. दोन्ही तेले हवेतली ओल ओढतात, म्हणून डबा उघडला की लगेच वापरावा. अर्धा उरलेला, बूच सैल असलेला डबा घेऊ नये.

७. गॅस भरण्याच्या तोंडांना नव्या गॅसची जोड बसवून घ्यावी. जुनी तोंडे आट्यांची असतात, नवी खटक्याची. पुढे कुणी चुकून जुना गॅस भरू नये म्हणून हे करतात. जास्त दाब झाला तर कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच नसेल तर तोही बसवावा.

८. सगळे जोडून झाल्यावर व्हॅक्यूम पंपाने निदान अर्धा ते पाऊण तास आतली हवा व ओल काढावी. नंतर पंप बंद करून काटा जागेवर राहतो का ते थोडा वेळ पाहावे. काटा सरकला तर गळती आहे. "पाच मिनिटं पुरे" म्हणणाऱ्याचे ऐकू नये. पावसाळी हवेत न वाळवलेला कांदा चाळीत भरण्यासारखे ते आहे.

९. गॅस वजन करून भरावा. आर-१२ च्या मापाच्या ८० ते ९० टक्केच आर-१३४ए लागतो. समजा गाडीच्या पट्टीवर ६०० ग्रॅम लिहिले आहे, तर ४८० ते ५४० ग्रॅम. ड्रायरवरच्या काचेत बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत भरण्याची जुनी रीत इथे फसवते, गॅस जास्त होतो. जास्त खत घातले की पीक जास्त येत नाही, तसेच जास्त गॅसने गारवा वाढत नाही, उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

१०. इंजिन चालू असताना गॅस कमी दाबाच्या बाजूनेच भरावा. जास्त दाबाच्या बाजूची चावी उघडली तर गाडीतला दाब डब्यात शिरून डबा फुटू शकतो. डबा स्टोव्हवर गरम करू नये. पातळ गॅस डोळ्यात किंवा हातावर उडाला तर थंडीने भाजल्यासारखी जखम होते. तेव्हा चष्मा व हातमोजे घालावेत.

११. शेवटी बॉनेटखाली चिठ्ठी चिकटवावी: आर-१३४ए, किती ग्रॅम, कोणते तेल, कोणत्या तारखेला. बागेची फवारणी वही ठेवता ना, तशीच ही नोंद. पुढच्या मिस्त्रीला तीच वाट दाखवील.

अपेक्षा किती ठेवावी?

काम नीट झाले तरी जुन्या गाडीचा गारवा पूर्वीपेक्षा थोडा कमी वाटू शकतो, विशेषतः फाटकाशी किंवा बाजारात गाडी उभी असताना. कंडेन्सर ६० अंशांच्या आसपास तापला की आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा सुमारे एक दशांशाने जास्त असतो आणि जुना कंडेन्सर तेवढी उष्णता टाकायला अपुरा पडतो. म्हणून त्याची जाळी चिखल-धुळीने बुजलेली नको. हलक्या पाण्याने, पाती न वाकवता धुवावी. समोरचा पंखा जोरात फिरतो का ते पाहावे. ऐपत असेल तर नव्या पद्धतीचा, चपट्या बारीक नळ्यांचा कंडेन्सर बसवावा, फरक पडतो. उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा पहिली दोन मिनिटे उघड्या ठेवाव्यात, गरम हवा जाऊ द्यावी, मग एसी लावावा.

आणि एक बजावून सांगतो. बंद शेडमध्ये किंवा पत्र्याच्या खोपटात गाडी चालू ठेवून एसीत झोपू नये. सायलेन्सरचा विषारी धूर आत साठतो आणि झोपेतच माणूस जातो.

कॉम्प्रेसर आधीच खडखडत असेल, पत्रा गंजला असेल, गाडी वर्षा-दोन वर्षांत काढून टाकायची असेल, तर हा खर्च करू नये. सकाळी लवकर निघावे, काचा उघड्या ठेवाव्यात आणि पैसा घरातच राहू द्यावा. गाडी चांगली आहे आणि गरज खरी आहे, तर मात्र अर्धवट काम करू नये.

तात्यांच्या घरी खर्चाचा विषय निघाला तेव्हा मुलाने वहीवर आकडे मांडले. ड्रायर, रिंगा, तेल, एक होज, गॅस आणि मजुरी. एकराच्या बागेच्या चार-पाच फवारण्यांइतका खर्च होत होता. तात्यांनी वहीकडे पाहिले आणि म्हणाले, "बागेला इतकं घालतोय दरसाल. तिला एकदा घातलं तर काय झालं?"

मुलाने सांगलीत मशीन असलेले गॅरेज शोधले. गाडी दोन दिवस तिथे होती. तो स्वतः समोर उभा राहिला, व्हॅक्यूमच्या वेळी घड्याळ लावून बसला आणि जुना ड्रायर मागून घेऊन घरी आणला. तेवढे दोन दिवस शेजाऱ्यांची गाडी मिरजेला गेली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या बाजूला पुन्हा जाणे झाले. दुपारचे दीड-दोन वाजले असतील. मिरजेहून गाडी आली. काकू मुलाच्या हाताला धरून उतरल्या, ओसरीवर टेकल्या आणि सूनबाईला म्हणाल्या, "साहेबांना पाणी दे आधी. मला नको, माझं आजचं झालंय." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "वाटंत डोळा लागला हो आज."

बॉनेट उघडून मी चिठ्ठी पाहिली. तारीख, ग्रॅम, तेल, सगळे मुलाच्या अक्षरात नीट लिहिलेले होते.

पुढच्या अंकात कांद्याच्या चाळीत हवा खेळती कशी ठेवावी, याविषयी बोलू.